साडेबारा पैशांची नोंद

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर ग्राहकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. किराणा दुकानदार, छोटे घाऊक व्यापारी आणि त्यांचे अकाउंटंट ते वापरतात. नवी आवृत्ती आली म्हणून ती आपोआप बसत नाही. बसवायची की नाही हे त्यांचं ते ठरवतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर कुणी त्या वाटेला जात नाही, आणि ते योग्यच आहे. ठरवताना त्यांच्यासमोर एकच गोष्ट असते: या आवृत्तीत काय बदललं याची यादी, म्हणजे चेंजलॉग. पुण्यातल्या आमच्या छोट्या टीममध्ये ही फाइल सांभाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आधी आम्ही ती हाताने लिहायचो, मग आपोआप तयार करू लागलो, आणि आता या दोन्हींच्या मधली एक रीत बसली आहे. ही रीत कशी बसत गेली, ते सविस्तर सांगते.

हाताने लिहिताना आम्ही ऑलिव्हिए लकान यांनी मांडलेली ‘कीप अ चेंजलॉग’ची पद्धत घेतली होती. सगळ्यात नवी आवृत्ती वर, प्रत्येक आवृत्तीपुढे तारीख, आणि बदलांचे सहा गट: नवीन आलेलं, बदललेलं, पुढे बंद होणार असलेलं, काढून टाकलेलं, दुरुस्त केलेलं आणि सुरक्षेबाबतचं. सर्वांत वर ‘अनरिलीज्ड’ नावाचा भाग, जिथे पुढच्या आवृत्तीच्या नोंदी जमत राहतात. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहायची. हा आग्रह आधी मला जरा जास्त वाटला होता. पण कितीतरी दुकानांतल्या विंडोजची मांडणी अमेरिकन इंग्रजीत असते आणि तिथे महिना आधी दिसतो. अशा ठिकाणी ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हा प्रश्न बिलाच्या कामात फार महागात पडतो.

या सहांपैकी ‘पुढे बंद होणार असलेलं’ हा गट मला सगळ्यात जवळचा. आमचा कोड पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, आणि पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही. आमच्या ग्राहकांकडे विंडोज ७ चे बरेच कॉम्प्युटर होते. चांगले चालत होते, बदलायचं कारण नव्हतं. पायथन ३.८ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबणार, हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणून आम्ही त्याच्या बऱ्याच आधीपासून प्रत्येक आवृत्तीच्या चेंजलॉगमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा छापली: पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून विंडोज ७ चालणार नाही, नवा कॉम्प्युटर घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. एका दुकानदाराने दिवाळीच्या खरेदीत कॉम्प्युटर बदलला, कारण ही ओळ त्याच्या मुलाने वाचली होती. एवढी एक ओळ लिहिल्याचं इतकं समाधान मला क्वचितच मिळालं आहे.

हाताने लिहिण्यातली अडचण लिहिण्याची नव्हती, जागेची होती. आमचा कोड गिटमध्ये असतो; कुणी काय कधी बदललं याचा इतिहास हे साधन ठेवतं. प्रत्येकजण त्याच फाइलच्या त्याच चार ओळींत भर घालतो. दोन ब्रँच, म्हणजे कोडच्या दोन समांतर प्रती, एकाच ठिकाणी लिहितात; त्या मर्ज, म्हणजे एकत्र, करताना कॉन्फ्लिक्ट येतो: कुठली ओळ ठेवायची हे गिटला ठरवता येत नाही. सोडवायला सोपा असतो, पण सोडवला की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. त्यावर गिटमध्ये एक उपाय आहे: या फाइलसाठी ‘युनियन’ पद्धतीने मर्ज कर, दोन्ही बाजूंच्या ओळी ठेव, असं गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये सांगून ठेवायचं. कॉन्फ्लिक्ट थांबले. मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली.

समजा एक ब्रँच ५.२ च्या आधी सुरू झाली आणि तिने ‘अनरिलीज्ड’खाली आपली नोंद लिहिली. दरम्यान ५.२ बाहेर पडली, तेव्हा त्या मथळ्याचं नाव ‘५.२’ झालं आणि वर नवा, रिकामा ‘अनरिलीज्ड’ आला. आता ती जुनी ब्रँच मर्ज होते. गिट बघतो आजूबाजूच्या ओळी. मथळा काय म्हणतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेजारच्या ओळी ५.२ खाली गेल्या आहेत, म्हणून नवी नोंदही तिथेच जाऊन बसते. म्हणजे जी आवृत्ती ग्राहकांच्या हातात पोचली आहे, तिच्या यादीत एक असं काम दिसतं जे तिच्यात नाही. कॉन्फ्लिक्ट निदान ओरडून सांगतो. इथे कुठलीच सूचना येत नाही.

ही अडचण आमच्यासारख्या चार-पाच जणांची नव्हे, मोठमोठ्या प्रकल्पांची आहे. खुद्द पायथनचा कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर आला, आणि बदलांच्या बातम्यांची त्यांची एकच मोठी फाइल प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे ‘माझा बदल मर्ज करा’ या प्रत्येक विनंतीला, आडवी येऊ लागली. त्यांनी ‘ब्लर्ब’ नावाचं साधन केलं: प्रत्येक नोंदीची स्वतंत्र छोटी फाइल, रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र. गिटहबसारखीच सेवा असलेल्या गिटलॅबनेही आधी प्रत्येक बदलाला वेगळी फाइल हाच मार्ग घेतला, आणि नंतर कमिट मेसेजच्या, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या संदेशाच्या, शेवटी ‘चेंजलॉग:’ अशी एक ओळ लिहायची पद्धत आणली. हे सगळं वाचताना आमच्या टीममध्ये दोन मतं पडली. एक मत असं, की वेगळ्या फाइलीच करूया. दुसरं असं, की कमिट मेसेज आपण लिहितोच, मग तीच माहिती पुन्हा का लिहायची? दुसरं मत तरुणांचं होतं, उत्साहाचं होतं, आणि त्यात तथ्य होतं. ते आधी करून पाहायचं ठरलं.

पद्धत तशी सर्वांच्या ओळखीची: कन्व्हेन्शनल कमिट्स. तिचं मूळ अँग्युलर प्रकल्पाच्या कमिट लिहिण्याच्या नियमांत आहे. मेसेजच्या सुरुवातीला ‘फीट’ म्हणजे नवी सोय, ‘फिक्स’ म्हणजे दुरुस्ती, आणि जुनं मोडणारा बदल असेल तर पुढे उद्गारचिन्ह. यावरून आवृत्तीचा आकडाही निघतो: मोडणाऱ्या बदलाला पहिला अंक, नव्या सोयीला मधला, दुरुस्तीला शेवटचा. आम्ही पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून, म्हणजे तिच्यातले सगळे कमिट एकात मिसळून, मर्ज करतो, त्यामुळे तिचं शीर्षक तेवढं तपासलं की पुरे. ‘गिट-क्लिफ’ नावाचं साधन इतिहास वाचून यादी बनवून देत असे.

या पद्धतीचं श्रेय तिला द्यायलाच हवं. काहीही विसरलं जात नव्हतं. आवृत्तीचा आकडा काय द्यायचा यावरचे वाद संपले. रिलीजच्या संध्याकाळी मी एकटी बसून महिनाभराचा इतिहास चाळत असे, ते थांबलं. आमचे कमिट मेसेजही नीटनेटके झाले, आणि ती सवय अजून टिकून आहे.

पण तयार झालेली यादी मी ग्राहकाच्या जागी बसून वाचली, तेव्हा खटकू लागलं. महिन्याच्या सुरुवातीला बारकोड लेबल छापायची नवी सोय केली, तिच्यात नंतर सापडलेल्या त्रुटी त्याच महिन्यात काढल्या. यादीत ‘नवीन: बारकोड लेबल’ आणि खाली ‘दुरुस्त: बारकोड लेबल कोरं छापलं जाणं’. ते कोरं लेबल एकाही ग्राहकाने पाहिलेलं नव्हतं. ते आमच्या ऑफिसातच जन्मलं आणि तिथेच मिटलं. बाहेरच्या माणसाला मात्र वाटतं, ही सोय कच्ची दिसते, पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं. आत कोड किती वेळा बदलला, याची ती यादी होती. शिवाय मर्ज झालेला मेसेज नंतर सुधारता येत नाही. तयार झालेली फाइल हाताने सुधारली, तर पुढच्या वेळी साधन ती पुन्हा पहिल्यासारखी करतं.

आणि मग सांगलीहून फोन आला. एका व्यापाऱ्याचे अकाउंटंट होते, वयाने ज्येष्ठ, अत्यंत काटेकोर.

“मॅडम, नवीन आवृत्ती टाकल्यापासून तुमचं बिल माझ्या एक्सेलशी जुळायला लागलंय. आधी पैसा-दोन पैसे फरक राहायचा. हे तुम्ही बदललंत की माझ्याकडे काही झालंय? आणि नेमकं कधीपासून? मागच्या तिमाहीचा फरक मला मालकांना समजावून सांगायचाय.”

मी चेंजलॉग उघडला. ओळ होती: ‘फिक्स (टॅक्स): राउंडिंग हाफ अप’. प्रामाणिक ओळ, कोडच्या बाजूने अगदी अचूक. फोनवरच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

झालं होतं ते असं. पाच रुपयांची वस्तू, तिच्यावर ५ टक्के जीएसटी. विक्री राज्यातल्या राज्यात, म्हणून अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. प्रत्येकी साडेबारा पैसे. पायथनला ०.१२५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायला सांगितली तर उत्तर ०.१२ येतं, कारण बरोबर मध्यावर असलेली संख्या तो जवळच्या सम अंकाकडे नेतो. मोठ्या बेरजांमध्ये सगळ्या चुका एकाच बाजूला साचू नयेत, म्हणून ती रीत आहे आणि शास्त्रीय कामात ती योग्य आहे. पायथनच्या डेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारातही, वेगळं सांगितलं नाही तर हीच रीत चालते. एक्सेलचं राउंड मात्र ०.१३ देतं, आणि आपल्याकडचा कुठलाही अकाउंटंट कागदावर १३ पैसेच लिहील. म्हणजे दोन्ही कर मिळून एका वस्तूमागे दोन पैशांचा फरक: ५.२४ की ५.२६. आमच्या सहकाऱ्याने डेसिमलला मध्यावरची रक्कम नेहमी वर न्यायला सांगितलं. बदल उत्तम होता. तो का उत्तम आहे, हे वापरणाऱ्यापर्यंत पोचवणारं वाक्य कुठेच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य लिहिलं. आजही चेंजलॉगमध्ये ते तसंच आहे: ‘कर मोजताना बरोबर अर्धा पैसा आला तर तो आता नेहमी वरच्या पैशात धरला जातो. आधी १२.५ पैशांचे १२ होत. आता १३ होतात. आधी केलेली बिलं बदलत नाहीत. जुन्या बिलाची नक्कल करून नवं बिल केलं, तर एकूण रकमेत पैशांचा फरक दिसू शकतो.’ अकाउंटंटना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हं, हे छापून फाइलला लावतो.”

यातली एक बाजू आवृत्तीच्या आकड्याची. साधनाच्या लेखी हा ‘फिक्स’ होता, म्हणून शेवटचा अंक एकने वाढला. सिमँटिक व्हर्जनिंगचे, म्हणजे आवृत्तीचे आकडे देण्याचे, हे नियम मुळात एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलण्याच्या बांधणीबद्दल आहेत, आणि तिथे हे बरोबरच आहे. पण आमचं सॉफ्टवेअर माणसांच्या हिशेबाशी बोलतं. तिथे कागदावरचा आकडा बदलणं ही छोटी गोष्ट नाही. तेव्हापासून छापील रक्कम बदलू शकणारी कुठलीही दुरुस्ती आमच्याकडे किमान मधला अंक वाढवते, आणि तो निर्णय माणूस घेतो.

अकाउंटंट मंडळींच्याच भाषेत सांगायचं तर गिटचा इतिहास ही रोजकीर्द आहे: घडेल तसं, घडेल त्या क्रमाने. चेंजलॉग ही खतावणी आहे: नोंदी त्याच, पण कुणाच्या खात्यावर काय पडलं ते बघून मांडलेल्या. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या मंडळींनी हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. त्यांच्या प्रकल्पांत ‘चेंजलॉग’ फाइलमध्ये कुठल्या फाइलीतलं कुठलं फंक्शन बदललं ते लिहायचं, आणि ‘न्यूज’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये वापरणाऱ्याला काय कळायला हवं ते. पहिली फाइल आज गिटच्या इतिहासातून काढता येते, आणि जीएनयूचे काही प्रकल्प तसं करतातही. दुसरी काढता येत नाही, कारण तिच्यातली माहिती इतिहासात नसतेच.

मग आम्ही पहिल्या मताकडे वळलो. प्रत्येक बदलाला एक छोटी फाइल. साधन ‘टाउनक्रायर’, जे ट्विस्टेड प्रकल्पाच्या गरजेतून घडलं आणि आज पिप, पायटेस्ट यांसारखे पायथनचे प्रकल्प वापरतात. फाइलच्या नावात तक्रारीचा क्रमांक आणि गट. आत एक-दोन वाक्यं. प्रत्येकाची फाइल वेगळी, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही. नोंद कुठल्या मथळ्याखाली जाणार हे रिलीजच्या क्षणी ठरतं, म्हणून जुनी ब्रँच कितीही उशिरा आली तरी नोंद योग्य आवृत्तीतच पडते. सोय आणि तिच्या आतल्या दुरुस्त्या यांची एकच फाइल राहते. दुरुस्ती करणारा तीच उघडून वाक्य सुधारतो. रिलीजला साधन सगळ्या फाइली गोळा करून यादी लिहितं आणि त्या काढून टाकतं. पुल रिक्वेस्टमध्ये अशी फाइल नसेल तर आपोआप होणारी तपासणी लाल दिसते. आतल्या आत झालेल्या कामासाठी ‘मिस्क’ हा गट आहे. त्यात क्रमांकापलीकडे काही छापलं जात नाही.

खरा फायदा मला वेगळाच वाटतो. वाक्य त्या वेळी लिहिलं जातं जेव्हा लिहिणाऱ्याला कारण आठवत असतं, आणि कोडबरोबर तेही रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या सहकाऱ्याच्या नजरेखाली, येतं. राउंडिंगच्या बदलाला आज अशी फाइल लागली असती, तर रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलंच असतं: आधी काय होत होतं, आता काय होतं, जुन्या बिलांचं काय? हे तीन प्रश्न आता आमच्या नमुन्याच्या फाइलमध्येच लिहिलेले आहेत. कधीकधी त्यांची उत्तरं लिहिताना कोडच बदलावा लागतो. एका सहकाऱ्याने ‘जुन्या बिलांचं काय’ला उत्तर लिहायला घेतलं आणि तसाच उठून पुन्हा कोडकडे गेला, कारण उत्तर त्याला स्वतःलाच आवडलं नाही.

सहा गटांत आम्ही सातवा घातला: नियमबदल. भारतात बिलाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला याशिवाय गत्यंतर नाही. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटींवर आली आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांच्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या. अशा नोंदीला दोन तारखा लागतात: आवृत्ती कधी आली आणि नियम कधी लागू झाला. दर बदलण्याआधी आवृत्ती बसवलेल्या दुकानात २१ तारखेपर्यंत जुनेच दर लागायला हवेत. म्हणून नोंद अशी: ‘२२ सप्टेंबर २०२५ आणि त्यानंतरच्या तारखेच्या बिलांना नवे दर लागतील. त्याआधीच्या बिलावरच्या क्रेडिट नोटला त्या बिलाचाच दर लागेल. ही आवृत्ती आज बसवली तरी चालेल.’ शेवटचं वाक्य सपोर्टमधल्या आमच्या सहकारीणीने घालायला लावलं. दिवसभर फोन तीच घेते. लोक काय विचारणार ते तिला ठाऊक असतं.

रिलीजच्या आधी साधनाकडून कच्ची यादी काढून आम्ही दोघी शेजारी बसून वाचतो. ती प्रत्येक ओळीला थांबवते. “हे पडद्यावर कुठे दिसतं गं?” “बटणावर काय लिहिलंय, ते लिही ना.” “‘ऑप्टिमाइझ’ म्हणजे वेळ वाचला का? कशाचा?” मग ओळी बदलतात. ‘स्टॉक रिपोर्टची क्वेरी ऑप्टिमाइझ केली’च्या जागी येतं, ‘जास्त माल असलेल्या दुकानांत स्टॉक रिपोर्ट उघडायला वेळ लागत होता, आता तो लवकर उघडतो’. ग्राहकांना जाणारी मराठी यादी तीच लिहिते. टाउनक्रायरला दुसरी कॉन्फिग फाइल देता येते, म्हणून मराठी नोंदींचं वेगळं फोल्डर आहे आणि त्यांची वेगळी यादी बनते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि दुकानांत खरोखर वाचली जाते.

मधल्या काळात कोडमधला फरक एका भाषा-मॉडेलला देऊन नोंद लिहून घ्यायचाही प्रयोग केला. राउंडिंगच्या त्या बदलावर वाक्य आलं: ‘कर गणनेची अचूकता सुधारली’. सफाईदार, आणि आत काहीच नाही. सांगलीचे अकाउंटंट, त्यांचं एक्सेल, मागची तिमाही हे कोडमधल्या फरकात नव्हतं, मग ते वाक्यात येणार कुठून? मात्र एका कामाला मॉडेल चांगलं आहे: गोळा झालेल्या नोंदी आणि प्रत्यक्ष बदल शेजारी ठेवून, नोंद नसलेलं काही राहिलं का ते शोधायला. तिथे आम्ही ते ठेवलं आहे.

आपोआप होणाऱ्या कामाचा आदर्श मला डेबियन या लिनक्स प्रणालीत दिसतो. तिथे पॅकेजची आवृत्ती चेंजलॉगच्या पहिल्या नोंदीतूनच वाचली जाते. नोंदीत ‘क्लोजेस’ लिहून तक्रारीचा क्रमांक दिला की पॅकेज स्वीकारलं गेल्यावर ती तक्रार आपोआप बंद होते. वाक्य माणसाचं; त्यातून आकडे, तारखा, दुवे उचलून पुढची कामं करणं यंत्राचं. आम्हीही तेच उचललं. रिलीज झाली की नोंदींमधल्या क्रमांकांवरून आमच्या तक्रार-यादीत आपोआप उत्तर जातं, आणि सपोर्टला कळतं कुणाला फोन करायचा.

एक गाठ अजून सुटायची आहे, ती दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू असण्याची. काही ग्राहक अजून ४ च्या मालिकेत आहेत, म्हणून महत्त्वाची दुरुस्ती ५ मध्ये करून ४ च्या ब्रँचवरही नेतो. नोंदीची फाइल कोडबरोबर तिकडे जाते, ४ ची रिलीज होते, आणि साधन ती फाइल तिथून काढतं. मुख्य ब्रँचवर मात्र ती शिल्लक असते आणि ५ च्या पुढच्या यादीतही छापली जाते. हे मला योग्य वाटतं, कारण ५ वापरणाऱ्यालाही ती दुरुस्ती त्याच दिवशी मिळते. पण ४ वरून थेट ५ वर येणाऱ्याला तीच गोष्ट दोनदा दिसते. सध्या अशा नोंदीच्या शेवटी ‘४.९ मध्येही आहे’ असं हाताने लिहितो, आणि ४ च्या रिलीजनंतर तिची यादी मुख्य ब्रँचवरच्या फाइलमध्ये जागच्या जागी आणून ठेवतो. हे लिहायचं राहिलं तर तपासणीने अडवावं, यासाठीची छोटी स्क्रिप्ट सध्या रिव्ह्यूमध्ये आहे.